फाशी लांबली तर ती टळते का?

फाशीच्या अंमलबजावणीतील विलंबाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी निवडले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांच्या नावांऐवजी फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न (पुणे) : गहुंजे प्रकरणातील दोन्ही आरोपींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कायम केली आणि त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती होणार नाही असे सांगितले. गुन्हा तोच, पुरावाही तोच. मग मधल्या काळात बदलले काय? आणि ज्यांनी दुसऱ्याचा जीव घेतला, त्यांच्या बाबतीत ‘जगण्याचा हक्क’ येतो कुठून?

उत्तर : बदलले ते एवढेच की, शिक्षेवर शेवटची मोहोर उठल्यानंतर सरकारी यंत्रणेने चार वर्षांहून अधिक काळ घालवला. नोव्हेंबर २००७ मध्ये बीपीओ कंपनीत रात्रपाळीला निघालेल्या तरुणीवर, तिला न्यायला आलेल्या गाडीचा चालक आणि त्याचा साथीदार यांनी अत्याचार करून तिचा खून केला. पुण्याच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये दोघांना फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती कायम केली आणि ८ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. साडेसात वर्षांत तीन न्यायालये पार पडली, हे आपल्याकडच्या मानाने बरेच लवकर म्हटले पाहिजे. त्यानंतर दयेचे अर्ज झाले. राज्यपालांनी ते मार्च २०१६ मध्ये आणि राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये फेटाळले. आता उरले होते ते फक्त सत्र न्यायालयाने डेथ वॉरंट काढणे, म्हणजे दिवस, वेळ आणि तुरुंग नमूद करून तुरुंग अधीक्षकांना फाशी अमलात आणण्याचा हुकूम देणे. हा एक कागद निघायला एप्रिल २०१९ उजाडले. फाशीची तारीख ठरली २४ जून २०१९.

या दोन वर्षांत कोणी युक्तिवाद करत नव्हते, कोणाची साक्ष व्हायची नव्हती आणि आरोपींचा कोणताही अर्ज कोठे प्रलंबित नव्हता. येरवड्याच्या तुरुंगात दोन माणसे फाशीची वाट पाहत होती आणि बाहेर त्यांचा कागद कोणाच्या तरी टेबलावर पडून होता. दोघांनी मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका केली. २९ जुलै २०१९ रोजी न्या. भूषण धर्माधिकारी व न्या. स्वप्ना जोशी यांच्या खंडपीठाने फाशी रद्द करून एकूण ३५ वर्षांची जन्मठेप दिली. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ डिसेंबर २०२४ रोजी न्या. अभय ओक यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सरकारचे अपील फेटाळले.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. राज्यघटनेचा अनुच्छेद २१ ‘व्यक्ती’विषयी बोलतो, निरपराध व्यक्तीविषयी नव्हे. कायद्याने ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असे तो सांगतो. याचा अर्थ असा की जीव घेण्याचा अधिकार घटनेने राज्याला नाकारलेला नाही, पण तो कसा घ्यायचा यावर तिने बंधन घातले आहे, आणि १९७८ च्या मेनका गांधी निकालापासून ती कार्यपद्धती नुसती कागदोपत्री नव्हे, तर न्याय्य आणि वाजवी असावी लागते. फाशीची शिक्षा म्हणजे फाशी. फाशी अधिक अनिश्चित काळ रोज सकाळी आज बोलावणे येईल का या धास्तीत काढणे, अशी दुहेरी शिक्षा कोणत्याही न्यायालयाने सुनावलेली नसते. ती दुसरी शिक्षा कार्यपालिकेने आपल्या ढिलाईने वाढवलेली असते आणि तिला कायद्याचा आधार नसतो. हा सगळा सिद्धांत एवढ्यावरच उभा आहे. दोषसिद्धी जिथल्या तिथे राहते, गुन्ह्याचे गांभीर्य कमी होत नाही, आणि न्यायालय आधीच्या निकालाची चूकही काढत नाही.

ही भूमिका आपल्या न्यायालयांना एका दमात सापडलेली नाही. फेब्रुवारी १९८३ मध्ये वतीश्वरन खटल्यात न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी सरळ हिशेब मांडला : फाशी सुनावल्यापासून अंमलबजावणीला दोन वर्षांहून अधिक काळ लागला, तर कैद्याला जन्मठेप मागण्याचा हक्क आहे. महिना-सव्वा महिन्यातच शेरसिंग खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने हा आकडा मोडीत काढला. नुसती अपिले आणि पुनर्विलोकन याचिका करण्यातच दोन वर्षे सहज जातात, मग आकड्याच्या भरवशावर कोणीही वेळ काढील, हा त्यांचा मुद्दा होता. आणि तो नाकारणे अवघड आहे. १९८८-८९ मध्ये त्रिवेणीबेन खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मधली वाट काढली, जी आजही कायम आहे. विलंबाचा ठरावीक आकडा नाही. खटला आणि अपिले यांत गेलेला काळ सहसा मोजायचा नाही. शेवटचा न्यायालयीन निकाल लागल्यानंतरचा अवाजवी विलंब मात्र न्यायालय तपासू शकते.

तरीही गोंधळ संपला नाही. एप्रिल २०१३ मध्ये भुल्लर खटल्यात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दहशतवादाच्या गुन्ह्यांना विलंबाचा हा लाभ नाही, असे म्हटले. २१ जानेवारी २०१४ रोजी सरन्यायाधीश पी. सदाशिवम यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने शत्रुघ्न चौहान खटल्यात ते मत बाजूला सारले आणि एकाच निकालात पंधरा कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. अनुच्छेद २१ मध्ये गुन्ह्यांची वर्गवारी नाही, हे त्या निकालाचे मर्म आहे. पुढच्याच महिन्यात राजीव गांधी हत्या खटल्यातील तिघांनाही याच न्यायाने जन्मठेप मिळाली. त्यांचे दयेचे अर्ज अकरा वर्षे पडून होते.

प्रश्न (कोल्हापूर) : आमच्या जिल्ह्यातील त्या दोन बहिणींचे नाव काढले तरी आजही आया मुलांना जवळ ओढतात. त्यांनासुद्धा विलंबाचा फायदा मिळाला. विलंब सरकारने करायचा आणि फायदा गुन्हेगाराला, हा कुठला न्याय?

उत्तर : आपला संताप मी समजू शकतो. ज्यांची मुले गेली त्यांच्यासमोर हा सिद्धांत मांडायचा प्रसंग आला, तर कोणाचीही जीभ अडखळेल. पण या प्रकरणात काय घडले ते नीट पाहिले पाहिजे, कारण विलंब नेमका कसा होतो हे समजून घ्यायला याच्याइतके बोलके दुसरे उदाहरण महाराष्ट्रात नाही.

लहान मुलांचे अपहरण आणि खून यांबद्दल कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये दिलेली फाशी उच्च न्यायालयाने २००४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २००६ रोजी कायम केली. राष्ट्रपतींनी दयेचे अर्ज फेटाळले ते जुलै २०१४ मध्ये. जानेवारी २०२२ मध्ये न्या. नितीन जामदार व न्या. सारंग कोतवाल यांच्या खंडपीठाने फाशी रद्द करताना सात वर्षे, दहा महिने आणि पंधरा दिवसांचा विलंब मोजला आणि त्याचे खापर राज्य सरकारच्या बेफिकीर कारभारावर फोडले.

दयेच्या अर्जाची वाट अशी असते. कैद्याने सही केलेला किंवा अंगठा उठवलेला अर्ज तुरुंग अधीक्षक राज्याच्या गृह खात्याकडे पाठवतात. गृह खाते त्याला निकालपत्रे जोडते आणि पोलिसांचा अभिप्राय, तुरुंगातील वर्तणुकीचा अहवाल, प्रकृतीचा आणि घरच्या परिस्थितीचा तपशील मागवते. टिपणी तयार होते, ती पायरीपायरीने वर चढते, मंत्र्यांचा शेरा पडतो आणि फाइल राजभवनात जाते. तिथे अर्ज फेटाळला गेला की सगळे बाड केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते, तिथे नव्याने टिपणी होते आणि मग ते राष्ट्रपती भवनात पोहोचते. राज्यपाल काय आणि राष्ट्रपती काय, दोघांनाही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच निर्णय घ्यावा लागतो, हे १९८० च्या मारू राम निकालापासून पक्के आहे. म्हणजे खरा वेळ टिपणी लिहिणाऱ्या टेबलांवर जातो. एखादा अहवाल नसल्याचे वरच्या टेबलावर लक्षात येते, पत्र खाली येते, उत्तर वर जाते, तोवर दुसरा कागद जुना झालेला असतो. म्हणूनच २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सगळी कागदपत्रे एकदमच आणि मुदत घालून मागवा, असे बजावले होते. मंत्रालयात एखाद्या साध्या कामासाठी खेटे घातलेल्या कोणालाही ही गत वेगळी समजावून सांगायला नको.

आपण विचारता तसा सरकारच्या चुकीचा फायदा गुन्हेगाराला होतो खरा, पण या चुकीला दुसरा इलाज तरी काय उरतो? आठ वर्षांची धास्ती भरपाईचा धनादेश देऊन परत घेता येत नाही, आणि विलंब बेकायदा होता असे म्हणून पुन्हा त्याच माणसाला फासावर चढवणे म्हणजे बेकायदेशीरपणा मान्य करून तो पूर्णत्वाला नेणे. माझ्या मते न्यायालयाचा निष्कर्ष बरोबर आहे. जे खटकते ते वेगळेच आहे : ज्यांच्या टेबलांवर ही फाइल पडून राहिली त्यांपैकी कोणालाही याची झळ लागल्याचे दिसत नाही, आणि सगळी किंमत मोजली ती मुलांच्या आईबापांनी. त्याहून खटकते ते हे की, विलंबाविरुद्धची ही याचिका २०१४ ची, आणि तिचा निकाल लागायला उच्च न्यायालयालाच सात वर्षांहून अधिक काळ लागला.

प्रश्न (मुंबई) : याकूब मेमनला बॉम्बस्फोटानंतर बावीस वर्षांनी फाशी झाली. तो विलंब नव्हता का? काहींना सूट आणि काहींना नाही, असे दिसते.

उत्तर : सर्वसामान्यांच्या हिशेबाने बावीस वर्षे हा विलंबच आहे. कायद्याचा हिशेब मात्र मघाशी सांगितला तसा शेवटच्या न्यायालयीन निकालापासून सुरू होतो. १९९३ च्या स्फोटांचा खटला टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयात चालला, फाशी सुनावली गेली जुलै २००७ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली मार्च २०१३ मध्ये. राष्ट्रपतींनी एप्रिल २०१४ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला, म्हणजे साधारण वर्षभरात. त्यापुढचा काळ पुनर्विलोकन आणि क्युरेटिव्ह (पुनर्विलोकनही फेटाळल्यावर सर्वोच्च न्यायालयात करता येणाऱ्या शेवटच्या) याचिकांमध्ये गेला, आणि कैद्याने स्वतः केलेल्या याचिकांचा वेळ सरकारच्या खात्यावर मांडला जात नाही. २९ जुलै २०१५ च्या मध्यरात्रीनंतर सर्वोच्च न्यायालयाने दारे उघडून जी सुनावणी घेतली, ती विलंबावर नव्हतीच. नवा दयेचा अर्ज फेटाळल्यानंतर चौदा दिवस मिळायला हवेत, असा वकिलांचा मुद्दा होता. तो मान्य झाला नाही आणि ३० जुलैला सकाळी नागपूर मध्यवर्ती तुरुंगात फाशी झाली.

हे चौदा दिवसही शत्रुघ्न चौहान निकालातूनच आलेले आहेत. दयेचा अर्ज फेटाळल्याचे कैद्याला व कुटुंबाला कळवणे आणि प्रत्यक्ष फाशी यांत एवढे अंतर असावे, म्हणजे त्याला न्यायालयात जाता येईल, मनाची तयारी करता येईल आणि घरच्यांना शेवटचे भेटता येईल. फेब्रुवारी २०१३ मध्ये अफझल गुरूला तिहारमध्ये फाशी दिली गेली, तेव्हा त्याच्या कुटुंबाला पाठवलेले पत्र फाशी होऊन गेल्यावर पोहोचले होते. विलंब जसा घटनेत बसत नाही, तशी अशी घाईही बसत नाही.

निर्भया प्रकरणातही अनेकांना ‘विलंब’ झाला असे वाटले. जानेवारी ते मार्च २०२० या काळात तिथे चार वेळा वॉरंट निघाले. पण ती पुढेपुढे गेली ती चौघांनी एकामागून एक अर्ज केल्यामुळे, आणि अशा लांबणीचा लाभ कैद्याला मिळत नाही. त्या चौघांनाही तो मिळाला नाही. त्याच जानेवारीत केंद्र सरकारने २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे केवळ कैद्याच्या बाजूने आहेत, पीडितांचाही विचार व्हावा, असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात केला होता. कैद्यांच्या क्लृप्त्यांबद्दलची ती तक्रार अगदीच निराधार नव्हती, पण गहुंजे आणि कोल्हापूर या दोन्ही ठिकाणी फाइल अडली ती सरकारदरबारी.

प्रश्न (नाशिक) : नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत दयेच्या अर्जाला मुदत घातली आहे आणि राष्ट्रपतींचा निर्णय न्यायालयात नेता येणार नाही असेही म्हटले आहे, असे वाचले. म्हणजे आता हे प्रकार थांबतील?

उत्तर : काही प्रमाणात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेच्या कलम ४७२ नुसार, सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळल्याचे तुरुंग अधीक्षकांनी कळवल्यापासून तीस दिवसांत दयेचा अर्ज करायचा असतो. अर्ज आधी राज्यपालांकडे जातो आणि त्यांनी फेटाळल्यास साठ दिवसांत राष्ट्रपतींकडे. राज्याचे मत आल्यानंतर केंद्र सरकारने साठ दिवसांत आपली शिफारस राष्ट्रपतींपुढे ठेवायची. इथपर्यंत ठीक आहे. पण राज्य सरकारने आपले मत किती दिवसांत द्यावे आणि शिफारस पोहोचल्यावर निर्णय किती दिवसांत व्हावा, याला मुदत नाही. ज्या टप्प्यांवर वर्षे गेली, त्यांतले काही मोकळेच सोडले आहेत.

निर्णयाची चौकशी कोणत्याही न्यायालयात होणार नाही, ही तरतूद ऐकायला कडक आहे. परंतु उच्च न्यायालयाचा अनुच्छेद २२६ खालचा आणि सर्वोच्च न्यायालयाचा अनुच्छेद ३२ खालचा अधिकार घटनेने दिलेला आहे, तो साध्या कायद्याने काढून घेता येत नाही. शिवाय विलंबाच्या याचिकेत राष्ट्रपतींनी दया का दाखवली नाही, असा प्रश्नच नसतो. दया नाकारली ती योग्यच होती असे गृहीत धरूनही, त्यानंतर किंवा त्यासाठी घालवलेला वेळ घटनेत बसतो का, एवढेच न्यायालय पाहते.

माझ्या दृष्टीने संहितेपेक्षा डिसेंबर २०२४ चा निकाल अधिक उपयोगाचा आहे, कारण तो वॉरंटच्या टप्प्यापर्यंत पोहोचतो. राज्यांनी गृह खात्यात दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष उभारावा. फाशी कायम झाल्याचा आदेश मिळताच सत्र न्यायालयाने ते प्रकरण बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, घ्यावे आणि सरकारला नोटीस काढून काही अर्ज प्रलंबित आहे का ते विचारावे. वॉरंट काढण्यापूर्वी कैद्याला कळवावे, वकील द्यावा, आणि आदेश त्याच्या हाती पडल्यापासून फाशीच्या तारखेपर्यंत पंधरा दिवसांचे अंतर ठेवावे, असे निर्देश त्यात आहेत. सत्र न्यायालयातील दिरंगाईही अनुच्छेद २१ च्या कक्षेत येते, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

घाईचा आग्रह धरणाऱ्या वाचकांनी नोएडातील निठारीचे मुलांच्या हत्यांचे प्रकरणही लक्षात ठेवावे. त्यातील कैद्याला सप्टेंबर २०१४ मध्ये मेरठला फाशी होणार होती. सर्वोच्च न्यायालयाने रात्री स्थगिती दिली म्हणून ती टळली. जानेवारी २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने दयेच्या अर्जातील विलंबामुळे त्याला जन्मठेप दिली. पुढे बाकीच्या बारा खटल्यांत तो निर्दोष ठरला, आणि ज्या एका खटल्यात त्याला फासावर नेले जाणार होते त्यातही नोव्हेंबर २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने क्युरेटिव्ह याचिका मान्य करून त्याला निर्दोष सोडले.

प्रश्न (सांगली) : फाशीची जन्मठेप झाली म्हणजे चौदा वर्षांनी सुटका, असेच ना?

उत्तर : नाही. जन्मठेप ही कायद्याने मरेपर्यंतची शिक्षा आहे. चौदा वर्षे ही सुटकेची तारीख नसून, फाशी होऊ शकणाऱ्या गुन्ह्यातील जन्मठेपेच्या कैद्याला त्याआधी शिक्षेत सूट देऊन सोडता येत नाही, अशी ती किमान मर्यादा आहे. त्यानंतरही सोडायचे की नाही हे सरकार ठरवते. कोल्हापूर प्रकरणात उच्च न्यायालयाने हा निर्णय सरकारवरच सोपवला आणि तत्काळ सुटकेची मागणी नाकारली. गहुंजे प्रकरणात न्यायालयाने स्वतःच आकडा घातला असून, आधी भोगलेला काळ धरून ती ३५ वर्षे २०४२ च्या अखेरीस पूर्ण होतील.